दहाव्या घरचा चहा

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. पंधरा वर्षांची असताना एका माणसावर उपकार करायला गेले आणि दहा घरांपैकी एक घर गाळलं. एवढंच. परवा नातीला हे सांगितलं तर ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "आजी, एक घर स्किप केलंस. त्यात काय एवढं?" तिचं काही चुकलं नाही. इथे धुळ्यात, देवपुरात, आमच्या मजल्यावर चार दारं आहेत आणि समोरच्या दारामागे कोण राहतं हे मला त्यांचं कुरिअर चुकून आमच्याकडे आलं तेव्हा कळलं. इथे घर गाळणं ही चूक नाही, रीतच आहे. पण आमचं गाव पाचोऱ्यापासून एस.टी.नं तासाभरावर, गिरणेच्या काठचं. तिथे घर गाळणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मलाच तेवढं नव्हतं, कारण मी स्वतःला फार हुशार समजत होते. सातवीला शाळेत पहिली आले होते आणि तेव्हापासून मला कोणी काही शिकवू शकलं नव्हतं.

आमच्या घरी दिवस चहानं उजाडायचा आणि तो चहा मला मिळायचा नाही. माय चुलीत पऱ्हाट्या सारत बसायची. कपाशीच्या वाळलेल्या काड्या त्या, तडतडून पेटायच्या आणि बघता बघता राख व्हायच्या, म्हणून चहा होईपर्यंत चुलीपुढून उठायची सोय नसे. जर्मनचं पातेलं बाहेरून तव्यासारखं काळंकुट्ट. त्यात आधी पाणी, मग गुळाचा खडा, मग तीन बोटांच्या चिमटीनं भुकटी. दूध सगळ्यात शेवटी, पातेलं खाली उतरवून जरा निवल्यावर, नाहीतर गुळानं नासायचं. साखर होती घरात, पण ती उंच फळीवरच्या डब्यात, आणि तो डबा पाहुण्यांचा. नाना, म्हणजे माझे वडील, ओट्यावर उकिडवे बसायचे. बशीत चहा ओतायचे, एकच फुंकर मारायचे आणि मग तो आवाज: सुर्रर. त्या आवाजावरून माय आतून ओळखायची, चहा कसा झालाय. लांब सुर्र म्हणजे जमला. तुटकं सुर्र म्हणजे गूळ कमी. नानांनी तोंडानं चहाला बरं म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि मायनं कधी विचारल्याचंही नाही. आता मुलानं मला विजेची किटली आणून दिली आहे. पाण्यात कागदी पिशवी बुडवायची, दोरी धरून हलवायची, पिशवी फेकून द्यायची. साखरेऐवजी एक गोळी, डॉक्टरांच्या हुकमानं. त्या चहातून कुठलाच आवाज निघत नाही. बशीत ओतून मी काढून पाहिला एकदा, तर सून धावत आली, तिला वाटलं मला ठसका लागला.

पोरीच्या जातीनं चहा प्यायला की रंग काळवंडतो, असं माय सांगायची. माझी मोठी बहीण शालू केतकीसारखी गोरी, तिनं हे मनावर घेतलं आणि लग्न होईपर्यंत चहाला शिवली नाही. मी जन्मतःच त्या पातेल्याच्या बुडाच्या रंगाची, तेव्हा मला नवीन काय होणार होतं ते मला कळेना. गाळायच्या फडक्यात उरलेला चोथा मी गुळाबरोबर खायचे. सापडले की सांगायचे, गाईला टाकायला नेत होते. आमची गाय चहाच्या वासानं तोंड फिरवायची, हे मायला माहीत होतं. ती फक्त म्हणायची, "इंदी, देखाले येनारा पाहुना तुना दात देखी." पाहायला येणारा पाहुणा दात बघेल. घरात आमचं बोलणं असं अहिराणीतच चालायचं. इथे मी ते बरंचसं पुस्तकी करून लिहिते आहे, पण काही वाक्यं पुस्तकी होत नाहीत, ती आहेत तशीच ठेवते.

आता भाऊबंदांचा कायदा सांगते, कारण त्याशिवाय माझा मूर्खपणा नीट दिसायचा नाही. आमच्या गल्लीत आमचं सोडून दहा घरं भाऊबंदांची, सगळे एका आडनावाचे. या घरांत भांडण झालं की 'त्यांचा आमचा चहा बंद' असं म्हणायचे. चहा बंद म्हणजे बोलणं बंद नव्हे. बायका नदीवर शेजारी शेजारी धुणं धूत, चाळणी मागायला जात, चुलीसाठी विस्तव आणत, पोराला पडसं झालं तर औषधही सांगत. फक्त तिकडे चहा प्यायचा नाही आणि इकडे पाजायचा नाही. बाहेरच्याला पत्ता लागणार नाही असं हे भांडण, आणि गल्लीतल्या माणसाला मात्र रोज दिसणारं. दहावं घर, गल्लीच्या अगदी टोकाचं, खळ्याला लागून, तुळसाअक्काचं होतं आणि त्या घराशी आमचा आणि बाकी नऊही घरांचा चहा बंद होता. तुळसाअक्काचा नवरा नानांचा चुलत भाऊ. त्याचं आणि माझ्या आजोबांचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाजलं. आजोबा भाऊबंदांत मोठे, त्यांनी चहा बंद केला म्हणून सगळ्यांनी केला. पुढे आजोबा गेले. मग अक्काचा नवरा गेला. मग विहीरही आटली. बंदी तेवढी ठणठणीत राहिली. अक्काला मूलबाळ नव्हतं. दोन शेळ्या, एक खोली, आणि कोणाच्याही लग्नात सगळ्यात शेवटच्या पंगतीला बसायचं. एकदा नदीवर ती मायला म्हणाली ते मी ऐकलं आहे. धुणं आपटता आपटता, रडल्यासारखं नाही, बाजारात काय भाव चाललाय असं विचारावं तसं: "मी मरसू तवय खांदा देवाले कोन यी?" मी मेल्यावर खांदा द्यायला कोण येईल. मायनं हातातलं धुणं पिळलं. घरी येऊन नानांना मात्र सांगितलं.

चहा बंद करायला एक माणूस पुरतो, उघडायला रीत लागते. ज्यानं बंद केला त्याच्या घरचं कोणी उठून आपणहोऊन चहाला जाऊन बसलं तर ते लाचारीचं दिसतं. जाऊ शकतो फक्त जावई. जावई कोणाच्याच भांडणातला नसतो. नवा जावई लग्नानंतर पहिल्यांदा गावात आला की त्याला भाऊबंदांच्या घरोघरी चहाला न्यायचं, ही रीत. ज्या ज्या घरी तो चहा घेईल ते ते घर आपल्यात धरलं, असा त्याचा अर्थ. शालूचं लग्न दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला असलेल्या मुलाशी झालं, तो पहिल्यांदा तिला न्यायला येणार असं पत्र आलं, तेव्हा नाना चहा पिता पिता मायला म्हणाले, "या टायमाले दहा घरे." नेहमी नऊ म्हणायची सवय असलेल्या घरात तो आकडा ऐकून माय बशी हातात घेऊन नुसती उभी राहिली. मग तीच जाऊन अक्काला सांगून आली की जवाई येतोय, तुमच्याकडेही येईल. आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. धूर लागला म्हणाली. वाटेत चूल कुठली आली, एवढं विचारण्याइतकी अक्कल मला होती. गप्प बसण्याइतकी नव्हती.

जावयाला घरोघरी न्यायचा मान मेहुणीचा. सासऱ्यानं जावयामागे हिंडणं बरं दिसत नाही, आणि आम्हाला भाऊ नव्हता. त्या दिवशी सकाळी माय मला दारात उभी करून घरं पाठ म्हणून घेत होती, परीक्षेला जावं तशी. "बठ्ठा घरे फिरवजो. एक बी सुटाले नको. आनि अक्काकडे जास्ती बसजो." बठ्ठा, म्हणजे सगळी. मी मान हलवत होते आणि लक्ष दाजींच्या घड्याळाकडे होतं. दाजी ओट्यावर बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं अगदी रेडिओवरच्यासारखं. चार वाजताच्या एस.टी.नं त्यांना आणि शालूला निघायचं होतं, पाचोऱ्याहून भुसावळची पॅसेंजर गाठायची होती, कारण त्यांची रातपाळी होती. असा माणूस आमच्या घरात येऊन बसला आणि मला "इंदू" म्हणाला, इंदी नाही, इंदू, तेव्हाच माझं अर्धं डोकं गेलं. उरलेलं अर्धं पुढच्या नऊ घरांत गेलं.

दाजींना आमच्याकडची नाही म्हणायची पद्धत माहीत नव्हती. आमच्याकडे एकदा नाही म्हणणं म्हणजे नमस्कार करण्यासारखं आहे. दुसऱ्यांदा म्हटलं की यजमानाला समाधान वाटतं, माणूस घरंदाज आहे. तिसऱ्यांदा कपावर हात ठेवून म्हटलं तर कुठे विचार होतो. दाजी एकदाच म्हणायचे, "नको, खरंच नको, आत्ताच झाला," आणि तेवढ्यात कप भरलेला असायचा. अर्धा द्या म्हणाले तर काठोकाठ, कारण जावयाला अर्धा कप कोण देईल. पहिल्या घरी साखर इतकी की चमचा उभा राहावा. दुसऱ्या घरी सुंठ. तिसऱ्या घरी काकूंना चहा उकळत ठेवून आमची वाट पाहायची सवय, म्हणजे तो सकाळपासून उकळत होता. बरोबर शेव, बिस्किटं, आणि समोर बसून टक लावून पाहणारी सात-आठ पोरं.

चौथ्या घरी दाजींनी कप उचलला आणि जरा थांबले. म्हणाले, "इंदू, हा कप ओळखीचा वाटतो." मी खाली मान घातली. गल्लीत जावयापुढे ठेवण्याजोगी कपबशी एकच होती, गुलाबाच्या फुलाची, दांड्याला छोटा टवका गेलेली. आम्ही एका घराच्या पुढच्या दारातून निघून पाय ओढत, नमस्कार करत दुसऱ्या घरी पोचेपर्यंत ती कपबशी मागच्या दारानं विसळून, परसातल्या भिंतीवरून हातोहात आमच्या आधी तिथे पोचत होती. पाचव्या घरी ती आली तेव्हा ओलीच होती. दाजींनी माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले फक्त. त्या क्षणी मी ठरवलं की या माणसासाठी आपण काहीही करू. म्हातारपणी कळतं की असं ठरवलेल्या पोरीपासून माणसानं दोन हात लांब राहावं.

नवव्या घरातून बाहेर पडलो तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. दाजी ओट्याच्या खांबाला टेकले. कपाळावर घाम. म्हणाले, "इंदू, माझ्या पोटाचं पार पाचोरा जंक्शन झालंय. सगळ्या गाड्या एकदम आल्यात आणि एकही सुटत नाही. अजून किती घरं?"

मी गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. अक्काच्या दारापुढे सडा घातला होता, मातीचा रंग ओला, गडद दिसत होता. भर दुपारी सडा कोणी घालत नाही. छपरातून धूर निघत होता. दारात कोणीतरी उभं होतं, डोक्यावरचा पदर नीट करत. मला ती दिसली, हे मी आज लिहून देते, कारण पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते की मला कोणी दिसलंच नव्हतं. मनात एकच आलं: त्या शेळ्या. अक्काकडे म्हैस नाही, गाय नाही, म्हणजे चहा शेळीच्या दुधाचा, उग्र वासाचा. या गोऱ्यापान माणसाला नऊ कपांवर तो चहा पाजायचा? आणि आपण कोण, तर त्यांची हुशार मेहुणी. मी म्हणाले, "झाली दाजी. सगळी झाली. चला, मी तुम्हाला खळ्याच्या मागच्या वाटेनं स्टँडवर नेते, पुन्हा गल्लीतून नको, कोणी धरील."

ते हसले. म्हणाले, "तू मला वाचवलंस. दीपनगरला ये, तुला वीज केंद्राच्या चिमणीच्या अगदी पायथ्याशी नेऊन दाखवतो." त्या चिमणीनं मी इतकी उंच झाले की त्या मागच्या वाटेनं जाताना अक्काच्या परसातल्या दोन्ही शेळ्या माझ्याकडे पाहत होत्या, तेही मला गमतीचं वाटलं. शालू आणि माय ट्रंक घेऊन स्टँडवर आल्या. रडणं झालं, एस.टी. आली, धूळ उडाली, एस.टी. गेली. धूळ खाली बसायला लागली तेव्हा मायनं डोळे पुसत विचारलं, "अक्काकडे लिधा ना चहा?"

एवढं सोपं होतं. नाही म्हणाले असते तर मार बसला असता, फार तर नानांनी कोणाची तरी सायकल घेऊन पुढच्या गावाला एस.टी. गाठायचा प्रयत्न केला असता. माझ्या तोंडून निघालं, "घेतला." मी रस्त्याकडे पाहिलं. एस.टी. वळणावर बोटाएवढी दिसत होती. मग तेवढीही नाही. आयुष्यात पुढे कितीतरी गाड्या चुकल्या, माणसंही गेली, पण हातातून काही निसटलं की मला आजही ते वळण दिसतं.

घरी आले आणि काहीबाही करत राहिले. भांडी घासली, ती घासलेली पुन्हा घासली. वाटलं, धावत जाऊन अक्काला सांगावं, दाजींचं पोट बिघडलं. मग वाटलं, तिनं आम्हाला मागच्या वाटेनं जाताना पाहिलं असेल. मग वाटलं, नसेल पाहिलं, ती दारातच उभी असेल अजून. हे तिसरं सगळ्यात वाईट होतं. मायकडे जावं तर माय खुशीत होती, लेक गेल्याच्या दुःखातही खुशीत. शेजारच्या काकूंना सांगत होती, बरं व्हयनं, इतक्या वर्षांचं ओझं उतरलं. मी फळीवरच्या साखरेच्या डब्याकडे पाहत बसले. ज्याला सांगावं असा घरात एकही माणूस नव्हता. ज्या ज्या माणसाला सांगणार, त्याचा आनंद मी मोडणार होते.

दिवस कलताना नाना शेतातून आले, हातपाय धुतले, आणि कधी नव्हे ते संध्याकाळी धुतलेली टोपी घातली. म्हणाले, "चाल इंदी. अक्काकडे जाऊ. जवाई जाई उना, आते आपले जावाले हरकत नही." जावई जाऊन आला, आता आपण जायला हरकत नाही. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. नाना म्हणाले, "चहा ली, उतरी." चहा घे, उतरेल.

आमच्या दारापासून अक्काच्या दारापर्यंत शंभरेक पावलं असतील. मी ती मोजली नाहीत, पण प्रत्येक आठवते. दारादारातून माणसं पाहत होती. नाना त्या टोकाला निघालेले गल्लीनं कधी पाहिले नव्हते. अक्काच्या दारापुढचा सडा वाळून पांढरा पडला होता. रांगोळी होती, आणि तिच्यावरून कोणीच गेलं नव्हतं. एक ठिपकाही पुसलेला नव्हता. मला वाटलं, नानांना हे दिसेल. गुरांच्या खुरांवरून कोणाची गाय गेली ते ओळखणारा माणूस. नाना रांगोळीला वळसा घालून आत गेले.

आत खाट होती, तिच्यावर धुतलेली गोधडी, एकही सुरकुती नसलेली. अक्का चुलीपाशी बसली होती. नाना खाटेवर टेकले आणि जरा घसा साफ करून म्हणाले, "अक्का, जवाईनी चहा लिधा म्हने."

अक्कानं आधी माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी. ती काय बोलणार हे माझ्या हातात नव्हतं, माझ्या हातात काहीच नव्हतं. तिनं नाही म्हटलं असतं तर ते खरंच होतं. तेवढ्यानं मी उघडी पडले असते, आणि त्याच्याबरोबर तिचं दारही पुन्हा बंद झालं असतं, या वेळी चारचौघांच्या डोळ्यांदेखत, जावई दारावरून निघून गेलेलं घर म्हणून. ती जराशी हसली. म्हणाली, "लिधा ना नाना. दोन बशा लिधा. भला मानूस शे." दोन बशा घेतला, भला माणूस आहे.

नानांनी मान हलवली. अक्कानं त्यांना स्टीलच्या पेल्यात चहा दिला, त्यांनी तो पेल्यातच फुंकून प्यायला, आणि त्यांचा तो आवाज त्या घरात घुमला, लांब, न तुटता. अक्का पाठ करून चुलीतली राख सारखी करत होती. ती सारखीच होती. मग नाना उठले, म्हणाले, "सकाये तुम्ही आमनाकडे या. इंदीनी माय वाट देखी ऱ्हायनी." आणि दारातून मला, "इंदी, अक्काना पेला धुई दे. मंग ये." आजही मला कळलेलं नाही की ते मला मागे का ठेवून गेले. रांगोळी त्यांनी पाहिली होती का, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं.

आणि सांगणार कोणाला? खरं बोलायचा दिवस तोच होता, पुढे तो गेला. अक्काच्या खोट्यावर तिचं घर उभं राहिलं होतं. मी खरं बोलले असते तर माझी सुटका झाली असती आणि ते घर पडलं असतं. मी शालूला पोस्टकार्डं लिहिली, दाजींना घेऊन ये, दाजींना पाठव, इतकी की तिला संशय आला, मला काही झालंय का. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी येतात, शालूही आली, एकटीच. दाजींना रजा नव्हती, त्यांच्या जागी उभं राहायला दुसरा माणूस नव्हता. अक्का तोवर गल्लीत सगळ्यांकडे चहाला जायला लागली होती, तिसऱ्या घरच्या उकळून काळ्या झालेल्या चहालासुद्धा, आणि त्याची चेष्टाही करायची. पहिल्या पंगतीला बसायची. मला पाहिलं की विचारायची, "दाजीनं पत्र उनं का?" दाजींचं पत्र आलं का. त्यात टोमणा नव्हता, तेच मला सोसायचं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत ती गेली. खांद्याला चार माणसं होती, पुढे नाना. दाजी पुढल्या दिवाळीला आले तेव्हा त्या दाराला कुलूप होतं. मी त्यांना काही म्हटलं नाही. ते आता भुसावळला असतात, त्यांना साखरेचा आजार आहे, आणि फोनवर अजून म्हणतात, इंदू, तू मला त्या दिवशी वाचवलंस.

माझ्या कपाटात निळ्या फुलांची एक बशी आहे, कप नसलेली. सून तिच्यात कधी लसूण ठेवू पाहते, कधी किल्ल्या. मी काढून घेते. ती समजते म्हातारीचा चक्रमपणा. समजू दे.

तर त्या संध्याकाळी मी पेला धुतला. धुऊन पालथा ठेवायला वळले आणि कोनाड्यात ती कपबशी दिसली. कोरी, निळ्या फुलांची. गल्लीतली गुलाबाची कपबशी आपल्या दारी येणार नाही हे अक्काला माहीत होतं. चहा बंद असलेल्या घरात ती कशी येणार? म्हणून तिनं पाचोऱ्याच्या बाजारातून स्वतःची आणली होती. शेळीचं एक करडू दिसेनासं झालं होतं त्या आठवड्यात, ते मला नंतर लक्षात आलं. कप भरलेला होता आणि वर बशी झाकलेली. मी बशी उचलली. चहावर जाड साय आली होती. शेळीच्या दुधाला तशी साय येत नाही. म्हशीचं दूध होतं ते, कुठूनतरी मागून आणलेलं, आणि वर वेलदोड्याची पूड तरंगत होती.

"अक्का," मी म्हणाले. नंतर म्हणाले, "मी पिते हा."

मी तो थंड चहा हातात घेतला. आयुष्यातला माझा पहिला उघड चहा, चोथा नव्हे, चोरी नव्हे. चहा बशीतूनच पितात, हेच मी घरी पाहिलेलं. म्हणून नाना करायचे तसं केलं, बशी दुसऱ्या हातात सरळ धरली आणि ओतायला कप तिरका केला. अक्कानं उठून माझं मनगट धरलं. तिचा हात चुलीसारखा गरम होता. आणि ती म्हणाली,

"पी माय, पी. पन कपमाच पी. बशीमा वतू नको. बशी जवाईनी शे."